नाकतोड्याचा उसासा

"ढकला! जोर लावा! मू, तू ढकलतोयस की टेकून झोपलायस?"

"ढकलतोय ना ताई! गाडीच मला उलटी ढकलतेय!"

बांबूच्या वळणावर, ऐन चढावर, नाकतोडा पुन्हा बंद पडला होता. नाकतोडा म्हणजे लमाय मावशीची जुनी हिरवी मोटार. पुढचे दोन दिवे डोळ्यांसारखे बाहेर आलेले, चालताना अंग खुळखुळतं, म्हणून सगळं गाव तिला नाकतोडा म्हणायचं. मागच्या सीटवर आणि डिकीत बांबूच्या नळ्यांत भाजलेला चिकट भात खच्चून भरला होता. नारळाच्या दुधाचा गरम वास सुटला होता. घाटापलीकडच्या बाजारात गिऱ्हाइकं वाट बघत होती, आणि इंजिन गप्प!

"पुरे, पुरे! बाजूला लागली एवढं बास!" लमाय मावशीने हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

फाय कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. ती तेरा वर्षांची, मू तिचा दहा वर्षांचा भाऊ. तिसरी पिम, त्यांची मावसबहीण, वय बारा, सुट्टीला बँकॉकहून आलेली. सकाळी तिचे बूट पांढरे होते. आता ते कुठल्या रंगाचे होते ते सांगणं कठीण.

"थांबा, मी शोधते, गाडी बंद पडली तर काय करायचं..." पिमने फोन वर धरला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला. "इथे रेंजच नाही!"

"बांबूला विचार," मू म्हणाला.

एवढ्यात खालून स्कूटर फटफटत आली. फायचा चेहरा पडला. प्रयून मामा! आणि स्कूटरच्या हँडलला ती पिशवी लटकलेली होतीच. पिशवीत काय असणार ते तिघांना पाठ होतं: उदबत्त्या, एक शहाळं, सोन्याचा वर्ख आणि पांढऱ्या उटीची वाटी.

"पडली ना बंद?" मामाने अशा आनंदाने विचारलं की जणू त्याची लॉटरी लागली होती. "मी सांगत होतो! मे यानांग रुसलीय!"

मे यानांग म्हणजे गाडीत राहणारी देवी. होडीत असते, बसमध्ये असते, तशी नाकतोड्यातही होती. मावशी रोज सकाळी तिच्यासाठी आरशाला मोगऱ्याचा ताजा गजरा बांधायची. देवीशी मावशीचं काही भांडण नव्हतं. भांडण होतं ते मामाचं, आणि तेही मावशीशी.

मामाने बॉनेटवर शहाळं ठेवलं, त्याला एक भोक पाडून नळी खोचली, उदबत्त्या पेटवल्या. मग उटीत बोट बुडवून गाडीला टिळे लावायला लागला. बॉनेटवर तीन, दारांवर, चारही चाकांवर, आणि मागे पेट्रोलच्या झाकणावर तर चांगलं बोटभर जाड थापलं. त्यावर वर्ख चिकटवला.

"झाकणाला कशाला मामा?" फायने विचारलं.

"देवीचं तोंड आहे ते! तिथूनच ती खाते! काल पेट्रोल भरायला झाकण उघडलं तेव्हा केवढा मोठा उसासा टाकला तिने, ऐकलंस ना? हूऽऽस! दुःखाचा उसासा होता तो!"

मामा तरुणपणी एक पावसाळा विहारात भिक्खू म्हणून राहिला होता. तेवढ्या भांडवलावर तो उरलेलं आयुष्य गावाला शिकवत फिरायचा.

"आणि का रुसली देवी, सांगू?" त्याने आवाज चढवला. रस्त्याने चाललेल्या दोन बायका थांबल्याच ऐकायला. "कारण आमच्या बहिणीने आपलं ओलं फासिन बॉनेटवर वाळत घातलं! कमरेचं वस्त्र! देवीच्या डोक्यावर! अशाने देवी राहील?"

लमाय मावशीचे कान लाल झाले. फासिन तिने खरंच वाळत घातलं होतं, एकदाच. अंगणात दोरी तुटली होती आणि इंजिनाचा पत्रा गरम होता, एवढंच. पण एखाद्या बाईच्या माथी खापर फोडायचं ठरलं की लोकांना कारण शोधावं लागत नाही, ते आधीच खिशात असतं. महिनाभर गावात हेच चाललं होतं. बाजारातसुद्धा एका बाईने भात घेताना विचारलं होतं, "हा त्याच गाडीतून आणलाय का गं?"

उदबत्त्या जळून खाली आल्या. अर्धा तास झाला. मामाने हात जोडले, किल्ली फिरवली. खर्र... खर्र... भुर्रर्र! नाकतोडा सुरू!

"बघितलंत?" मामा छाती फुगवून उतरला. "पण देवी किती वेळा ऐकून घेणार? लमाय, मी ठरवलंय. सोंगक्रानच्या दिवशी, नवं वर्ष लागताच, गाडी भंगारवाल्या हेंगला द्यायची. विटाळलेली गाडी घराण्यात नको."

"दादा!" मावशी पहिल्यांदाच ओरडली. "गाडी बाबांनी मला दिलीय! मी भात बाजाराला कशावरून नेऊ? डोक्यावरून? घाट चढून?"

"दिली तुला, पण कागद माझ्या नावावर आहेत. थोरला मी आहे."

आणि स्कूटर फटफटत निघून गेली.

"म्हणजे गाडी गेली?" मूने हळूच विचारलं.

"अजून नाही गेली," फाय दात आवळून म्हणाली. "सोंगक्रान परवा आहे."

---

देंग मिस्त्रीचं गॅरेज गावाच्या तोंडाशी होतं. मिस्त्री पाटाच्या झोपाळ्यावर आडवा पडून पाय हलवत होता.

"नाकतोडा? अरे, सगळं नवं टाकलंय मी त्यात! प्लग नवे, कॉइल नवी, पेट्रोलचा पंप नवा, कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. आता त्यात जुनं काही उरलंय ते तुमची मावशीच!" तो खो खो हसला.

फाय हसली नाही. "मग बंद का पडते?"

"इथे तर पडत नाही! मी सुरू करतो, चालू राहते, बंद करतो. झालं!"

"इथे म्हणजे कुठे?"

"इथे म्हणजे इथे! या जागेवर!"

"तुम्ही ती चालवून कधी बघितलीत का? घाटापर्यंत?"

मिस्त्रीचे पाय हलायचे थांबले. "घाटापर्यंत? एवढ्या उन्हात?"

"म्हणजे माणूस धावताना पडतो," पिम म्हणाली, "आणि तुम्ही त्याला झोपवून तपासता!"

"ए बँकॉकवाली, जास्त शहाणपणा नको! देवीचं काम आहे ते. तुमचा मामा म्हणतो ते बरोबर आहे."

परत येताना फाय दगडांना लाथा मारत होती. "एकाने सगळं बदललं, पण गाडी चालवून बघितली नाही. दुसऱ्याने सगळीकडे टिळे लावले, पण बॉनेट उघडून बघितलं नाही. आणि गाडी कुणाची जाणार? मावशीची!"

"मग आपण बघू," मू म्हणाला.

"आपण?"

"बंद पडते तेव्हा कुणी बघतच नाही ना? सगळे उदबत्ती संपायची वाट बघतात. आपण तेव्हाच बघू. बंद पडल्या पडल्या!"

फाय जागच्या जागी थांबली. मग तिने मूच्या पाठीत अशी थाप मारली की तो उसाच्या शेतात जाता जाता वाचला.

---

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच चौघं निघाली. मावशी आधी तयार नव्हती. "पुन्हा बंद पडेल, पुन्हा तमाशा होईल," म्हणाली. फाय म्हणाली, "मावशी, आज बंद पडायलाच हवीय." तेव्हा मावशी पहिल्यांदा हसली.

रात्री पिमने घरी बसून फोनवर भरपूर वाचून ठेवलं होतं. "इंजिनाला तीन गोष्टी लागतात. ठिणगी, पेट्रोल आणि हवा. गाडी मेली की एकेक बघायची. अंदाज नाही करायचा!"

"आणि मी काय करू?" मूने विचारलं.

"तू काही खाऊ नकोस, म्हणजे झालं."

आणि बरोबर त्याच बांबूच्या वळणावर नाकतोड्याने दोन आचके दिले आणि तो मेला.

"हुर्रे!" तिघं एकदम ओरडली. बंद पडलेल्या गाडीसाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नसतील!

मावशीने बॉनेट उघडलं. गरम वाफ अंगावर आली. "पोरांनो, हात आत घालायचे नाहीत. हात माझे, डोळे तुमचे." तिने जाड कापडाने धरून एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला. फायने किल्ली फिरवली.

चट! चट! चट!

"निळी! ठिणगी निळी आहे!" पिम ओरडली. "ठिणगी पास!"

मग हवेची जाळी काढली. स्वच्छ. हवा पास.

"आता पेट्रोल."

पंपाजवळ काचेची एक छोटी वाटी होती. टाकीतून आलेलं पेट्रोल आधी तिच्यात उतरायचं आणि मग पुढे जायचं. घरून निघताना फायने मुद्दाम बघून ठेवलं होतं, वाटी काठोकाठ भरलेली होती. आता तिने वाकून पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"कोरडी! वाटी कोरडी आहे!"

"टाकी तर अर्धी भरलीय!" मावशी म्हणाली. "काट्यावर बघ."

"पंप नवा आहे. नळी तुंबलीय का?"

मावशीने टाकीपासून पंपापर्यंतची नळी बोटाने चाचपली. कुठे घडी नाही, कुठे गळती नाही. पिमने ओलं फडकं पंपावर ठेवून बघितलं. पेट्रोल उन्हाने उकळून वाफ झालं असेल तर थंड केल्यावर यायला हवं. नाही आलं.

सगळी रस्त्याकडेला बसली. फाय वाटीकडे टक लावून बघत राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आणि मग कुणीही काहीही न करता वाटीच्या तळाशी एक थेंब आला. मग दुसरा. मग बारीक धार.

"बघा! आपोआप येतंय! उदबत्ती नाही, टिळा नाही, काही नाही!" फाय उठून उभी राहिली. "कुणीतरी मागून पेट्रोल अडवून धरतंय, आणि मग हळूहळू सोडतंय. पण कोण?"

"फ्रुऽऽप... फ्रुऽऽप..." असा विचित्र आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मू कालचं देवीचं शहाळं घेऊन बसला होता. गाल आत गेलेले, डोळे बाहेर आलेले.

"मू! देवीचं शहाळं पितोस?"

"विचारलं मी देवीला! ती नाही म्हणाली नाही!" मूने नळी तोंडातून काढली. "पण येतच नाहीये! पहिले दोन घोट आले, मग बंद. आत पाणी आहे, हलवलं की वाजतंय. थोडा वेळ सोडलं की पुन्हा येतं, मग पुन्हा बंद!"

"अरे वेड्या, नळी भोकात घट्ट बसलीय!" मावशी म्हणाली. "पाणी बाहेर यायला आत हवा जायला नको का? दुसरं भोक पाड!"

आणि ती बोलता बोलता थांबली.

फायने मावशीकडे पाहिलं. पिमने फायकडे पाहिलं. शहाळ्यात नळीवाटे हवा गेली. गुडगुड!

"थोडं येतं, मग बंद," फाय हळू म्हणाली. "सोडून दिलं की पुन्हा येतं..."

"टाकी!" पिम किंचाळली. "टाकी म्हणजे शहाळं!"

"आणि हवेचं भोक कुठे असतं?"

"झाकणाला! मी वाचलंय! जुन्या गाड्यांच्या झाकणालाच बारीक भोक असतं!"

तिघं धडपडत गाडीच्या मागे धावली. पेट्रोलचं झाकण लांबूनच झळकत होतं. पांढऱ्या उटीचे थरावर थर, वर सोन्याचा वर्ख. धातू कुठे दिसतच नव्हता. फायने नाक जवळ नेलं.

"यात वार्निश आहे! दाराला लावतात ते!"

मावशीने कपाळावर हात मारला. "दादाची खास उटी! पावसात टिळा धुऊन जाऊ नये म्हणून तो उटीत वार्निश घालतो! मला म्हणालासुद्धा होता, 'माझा टिळा वर्षभर हलणार नाही' म्हणून!"

"कधीपासून लावतोय?"

"महिना झाला असेल... बाबांच्या पुण्यतिथीला पहिल्यांदा लावला." मावशी बोटांवर दिवस मोजायला लागली. "आणि त्यानंतरच गाडी... आणि जितकी बंद पडली, तितके थर..."

"तितकी जास्त बंद पडली!" फाय ओरडली. "मावशी, तुझ्या फासिनाचा काही संबंध नाही! काही म्हणजे काही नाही! आणि तो उसासा! हूस! बाहेरची हवा टाकीत घुसायची, तिचा आवाज होता तो!"

लमाय मावशी तिथेच रस्त्यावर बसली. महिनाभर ती रात्री उठून देवीची माफी मागत होती. आता तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मूला वाटलं ती रडतेय. पण ती हसत होती. मग रडायलाही लागली. मग दोन्ही एकदम.

---

आता तुम्ही म्हणाल, मग काय, मामाला सांगितलं आणि झालं! तुम्ही मामाला ओळखत नाही.

"काय?" मामा गरजला. "माझ्या टिळ्याने गाडी बंद पडते? माझ्या? अंड्यातून बाहेर आला नाहीत तोवर मला शिकवता? ती लमायच तुम्हाला पढवतेय!"

"मामा, एकदा फक्त झाकण उघडून..."

"खबरदार! टिळा खरवडलात तर घरात पाय ठेवू देणार नाही! लमायलाही नाही!"

आणि त्याने काय करावं? पिशवीतून वाटी काढली आणि झाकणावर आणखी एक थर थापला! जाड! वर वर्ख!

घराच्या मागे तिघांची सभा भरली.

"गुपचूप भोक पाडून टाकू," पिम म्हणाली.

"म्हणजे गाडी चालायला लागेल, आणि मामा म्हणेल, माझ्या शेवटच्या टिळ्याने देवी प्रसन्न झाली!" फायने मान हलवली. "आणि मावशीचं फासिन गावाच्या तोंडात राहील ते राहीलच. नाही. सगळ्या गावासमोर बंद पडली पाहिजे. आणि सगळ्या गावासमोर सुरू झाली पाहिजे."

"उद्या मिरवणूक कुठे वळते?" मूने विचारलं. त्याच्या तोंडात भात होता, पण डोळे चमकत होते.

"बांबूच्या वळणावर," फाय म्हणाली आणि खुदकन हसली. "मू, तू आज वाट्टेल तेवढं खा!"

---

सोंगक्रान! सकाळपासून गाव चिंब. पिचकाऱ्या, बादल्या, नळ्या, जो दिसेल त्याच्यावर पाणी. विहारातून बुद्धमूर्तीची गाडी निघाली, पुढे ढोल, मागे थोरले भंते, त्यांच्या मागे सगळं गाव.

हेंगकाका भंगारवाले आधीच आले होते, पण ते काही गाडी ओढून नेणार नव्हते. "माझ्या वाड्यापर्यंत चालवत आणून द्या. घाटापलीकडे. ओढायचं पेट्रोल मी का जाळू?"

"मीच आणतो!" मामा स्टिअरिंगवर बसला. शेजारी मावशी, मागे तिघं. मूच्या मांडीवर एक शहाळं होतं, त्याला एकच भोक, घट्ट नळी.

"हे कशाला?" मामाने विचारलं.

"तहान लागली तर," मू निरागसपणे म्हणाला.

नाकतोडा मिरवणुकीच्या पुढे निघाला. फायने पुढच्या सीटची कड घट्ट धरली होती. पडेल ना बंद? आजच नेमकी शहाण्यासारखी चालली तर? वळण आलं... बांबू आले... नाकतोडा धावतोच आहे... धावतोच आहे...

धप्. धप्प्. बंद!

ऐन वळणावर, रस्त्याच्या मधोमध. मागे मूर्तीची गाडी थांबली. ढोल थांबले. सगळं गाव थांबलं.

"बघा लोकहो!" मामा उतरला आणि त्याने दोन्ही हात वर केले. "देवीला ही गाडी नकोय! आता अर्धा तास थांबावं लागेल. मी उदबत्त्या लावतो."

"अर्धा तास?" मागून कुणीतरी ओरडलं. "डोकं भाजलं आमचं!"

"देवीपुढे इलाज नाही!"

"मी आत्ता सुरू करून दाखवली तर?"

सगळ्यांच्या माना वळल्या. फाय रस्त्याच्या मधोमध उभी होती.

मामा मोठ्याने हसला. "तू? उदबत्ती न लावता? देवीची परवानगी न घेता? अगं, तू आत्ताच्या आत्ता सुरू केलीस ना, तर गाडी लमायची! कागदसुद्धा तिच्या नावावर करून देतो! भंते साक्षीला आहेत!"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" मू ओरडला.

"ऐकलं!" गावाने एका सुरात उत्तर दिलं. गावाला ऊन लागत होतं.

फाय गाडीच्या मागे गेली. दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि फिरवलं.

हूऽऽऽऽस!

एवढा मोठा उसासा की पुढच्या रांगेतल्या बायका दचकून मागे सरल्या. फायने झाकण बाजूला काढलं. "मावशी, किल्ली!"

खर्र. खर्र. खर्र. काही नाही.

मामा हसायला लागला. देंग मिस्त्री ढोल वाजवणाऱ्यांत उभा होता, तोही हसायला लागला.

"वाटी भरू दे," फाय पुटपुटली. "वाटी भरू दे... मावशी, पुन्हा!"

खर्र. खर्र. खर्र. खर्र. भुर्र... भुर्रर्रर्र!

नाकतोडा थरथरला, खोकला आणि गुरगुरायला लागला! लोकांनी पिचकाऱ्या हवेत उडवल्या! पिम उड्या मारायला लागली!

"योगायोग!" मामा ओरडला. "देवीने माझं ऐकलं!"

"मामा, तहान लागली असेल," मू म्हणाला आणि शहाळं पुढे केलं. "घ्या ना. एका दमात संपवा."

मामाला खरंच तहान लागली होती. त्याने नळी तोंडात धरली आणि ओढलं. दोन घोट आले, मग बंद. तो आणखी जोरात ओढायला लागला. गाल आत गेले.

"आणखी जोरात मामा! डोळे सांभाळा, बाहेर पडतील!"

गाव हसत सुटलं. मामाने नळी सोडली. गुडगुड!

"ही आपली टाकी," फायने शहाळं उंच धरलं. "आत हवा गेली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. हवा जायला झाकणाला भोक असतं. आणि हे आपलं झाकण!"

तिने ते मूकडे दिलं. मूने दोन्ही हातांनी थोरल्या भंतेंपुढे धरलं. भंतेंनी चष्मा वर केला. झाकण उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला.

"वार्निश?"

"हो भंते," मामा तोंडातल्या तोंडात म्हणाला. "पावसात धुऊन जाऊ नये म्हणून..."

"प्रयून, एवढा वर्ख तर आम्ही बुद्धमूर्तीलाही लावत नाही." भंतेंनी आपल्या झोळीतून भगवं चीवर शिवायची सुई काढली. सावकाश थर टोचत गेले. एकदम सुई आरपार गेली. त्यांनी झाकण उन्हाकडे धरलं. सोन्याच्या मधोमध उजेडाचा एक ठिपका दिसला.

"टिळा कपाळाला लावतात," ते म्हणाले. "तू तिच्या नाकपुड्या लिंपल्यास."

कुणी हसलं नाही. मामाची मान खाली गेली.

"आणि फासिनाचं म्हणशील," भंते पुढे बोलले, आता जरा मोठ्याने, ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी, "तुझी आईही तेच नेसायची. तिच्या कडेवर बसून तू विहारात यायचास. तेव्हा देवी रुसली होती का?"

मग त्यांनी तिघांकडे पाहिलं. "पोरांनो, एवढे मोठे लोक महिनाभर गाडीपुढे बसून होते. गाडीत डोकावलात ते तुम्हीच. शाब्बास!"

"मिस्त्री!" मूने हाक मारली. "आता नवीन काय बसवायचं?"

देंग मिस्त्री ढोलामागे जेवढा मावेल तेवढा मावला.

हेंगकाकांनी डोकं खाजवलं. "म्हणजे मी हात हलवत परत जायचं?"

"हात हलवत का? भात घेऊन जा!" लमाय मावशी म्हणाली आणि तिने बांबूच्या दोन नळ्या त्यांच्या हातात दिल्या. मग ती स्टिअरिंगवर बसली. झाकण घट्ट लावलं होतं, सुईच्या भोकासकट. नाकतोडा वळण चढला. चढ संपला. घाटमाथ्यावर हिरवा ठिपका दिसला आणि भोंगा वाजला. पोंऽऽ पोंऽऽ!

"पलीकडे गेली!" पिम ओरडली. खाली वळणावर नुसता जल्लोष!

---

संध्याकाळी अंगणात सगळे वडीलधारे ओळीने बसले. रिवाजच तो, लहानांनी थोरांच्या हातावर सुगंधी पाणी घालायचं, चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं आणि आशीर्वाद घ्यायचा. मामा सगळ्यांत पुढे बसला होता. फाय पाण्याची वाटी घेऊन त्याच्यासमोर आली, तर त्याने ती वाटी तिच्याच हातातून घेतली आणि उठला. तो धाकट्या बहिणीसमोर गुडघ्यांवर बसला.

"दादा, अरे, थोरला तू आहेस!"

"हात पुढे कर," मामा म्हणाला. त्याला ते जड जात होतं, ते दिसत होतं. आणि गेलंच पाहिजे जड. महिनाभर त्याने तिचं जगणं जड केलं होतं. "चुकलं माझं, लमाय. कचेरी उघडली की कागद तुझ्या नावावर."

मोगऱ्याच्या पाकळ्या तिच्या तळहातांवरून खाली घरंगळल्या.

थोड्या वेळाने मावशी आत जाऊन कपडे बदलून आली. हातात दिवसभराचं ओलं फासिन होतं. अंगणात दोरी होती, रिकामी. ती दोरीजवळून गेली, थांबली नाही. नाकतोड्यापाशी गेली आणि सरळ बॉनेटवर फासिन टाकलं. घाट दोनदा चढून आलेला पत्रा अजून गरम होता.

सगळ्यांचे डोळे मामाकडे.

वारा सुटला होता. फासिनाचं एक टोक उडालं आणि ते पत्र्यावरून घसरायला लागलं.

मामा उठला. गाडीजवळ गेला. घसरत चाललेलं फासिन त्याने दोन्ही हातांनी उचललं, झटकलं, आणि एकही सुरकुती राहणार नाही असं नीट पसरून ठेवलं.